वाचक विचारतात : मंडळीतला मोबाइल

प्रश्न : आमची मंडळी (चर्च) धारणी तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. टिनाचं छत, दोन कुलर, साठ-सत्तर माणसं. तरुण संघ मोबाइलवर उपासना रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकतो, पण उपदेश नीट ऐकू येत नाही. वर्गणी काढून चांगला कॅमेरा घ्यावा काय?

उत्तर : कॅमेऱ्यासाठी वर्गणी काढू नका. चित्र धूसर असलं तर माणूस चालवून घेतो, वचन कळलं नाही तर व्हिडिओ बंद करतो. मोबाइल मागच्या बाकावर, पाळकसाहेब वीस-पंचवीस फुटांवर, मधे कुलरची घरघर आणि वरून टिनावर आपटून येणारा आवाज, हे तुमचं खरं दुखणं. साधा वायरचा कॉलर माइक घ्या आणि हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. वायर पुरत नसेल तर दुसरा मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून पाळकांच्याच खिशात ठेवा आणि माइक त्याला जोडा. दोन्ही मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू झालं की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिट करताना त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवायचा. शेवटीही एक टाळी हवी, कारण तासाभरात दोन फोन एकमेकांपासून किंचित सरकतात.

रेकॉर्ड करताना स्क्रीनवर दिसणारी आवाजाची पट्टी साधारण उणे १२ डेसिबलपर्यंत जाऊ द्या. पाळकांचा स्वर चढला आणि पट्टी लाल झाली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागून दुरुस्त होत नाही. साउंडवाल्याच्या मिक्सरची वायर थेट मोबाइलच्या जॅकमध्ये खुपसू नका. मिक्सरचा सिग्नल माइकपेक्षा कितीतरी जोरकस असतो. मधे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे तो आवाज मोबाइलला झेपेल असा करून देणारी छोटी पेटी, लागते.

मे महिन्यात कुलर बंद करा असं आम्ही सांगणार नाही. म्हाताऱ्या माणसांना भोवळ आणून केलेलं रेकॉर्डिंग कोणाला हवं? मागच्या भिंतीवर जाड सतरंजी टांगा, घुमणं कमी होतं. मोबाइल खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, तापला की कॅमेरा स्वतःच बंद पडतो. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग आपल्या हाताने करता येतं) शटर १/५० किंवा १/१०० करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ट्यूबची लुकलुक त्याच तालावर चालते.

आणखी एक. डोंगरातल्या गावांत टॉवर जेमतेम. २० मिनिटांचा उपदेश फुल एचडीत दोन-अडीच जीबी भरतो. तोच ६४ केबीपीएस मोनो एमपीथ्रीत १० एमबीच्या आत बसतो. व्हिडिओ टाकाच, पण आवाजाची फाइल आधी पाठवा.

प्रश्न : सभेत प्रार्थना झाल्यावर एका बहिणीची शुगर नॉर्मल आली. तिने साक्षीत (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सभेत सांगताना) म्हटलं, ‘मी गोळ्या बंद केल्या.’ शब्द तिचेच आहेत. व्हिडिओ टाकावा काय? (वर्धा जिल्हा)

उत्तर : आजच टाकू नका. आधी त्या ताईंना घेऊन डॉक्टरांकडे जा. एक रिपोर्ट नॉर्मल येणं म्हणजे मधुमेह जाणं नव्हे. गोळी चालू होती म्हणूनही तो तसा येतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या. शब्द तिचे असले तरी ते हजार मोबाइलवर तुम्ही पोचवणार. ऐकणाऱ्यांत इन्सुलिनवरचं एखादं पोर असेल, आणि टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबलं तर एक-दोन दिवसांतही जिवावर बेततं. क्षयरोग्याने बरं वाटलं म्हणून औषध अर्धवट सोडलं की तेच औषध पुढे चालेनासं होतं.

प्रभूने कुष्ठरोग्याला शुद्ध केलं आणि याजकाला दाखवायला पाठवलं (मार्क १:४४). त्या काळी रोग गेला की नाही हे ठरवायचं काम याजकाचं होतं. त्याच वचनात ‘कोणाला काही सांगू नको’ असंही आहे, हे चॅनेलवाल्यांना सहसा आठवत नाही!

मग साक्ष कशी ठेवावी? तिची कृतज्ञता ठेवा, गोळ्यांचं वाक्य काढा, आणि कापाकापीत ‘डॉक्टर म्हणाले’ हा भाग उडवू नका. ‘शुगर कायमची गेली’ असं शीर्षक नको. मंत्रतंत्राने मधुमेह बरा होतो अशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तुमचं शीर्षक त्या वाटेला जाऊ देऊ नका. आणि एकदा फॉरवर्ड झालेला व्हिडिओ परत घेता येत नाही, हे ताईंना रेकॉर्डिंगच्या आधी सांगा, नंतर नव्हे.

प्रश्न : ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं आम्ही कराओके ट्रॅकवर गातो. चॅनेलवर कॉपीराइटचा दावा आला. गीतं तर जुनी आहेत ना?

उत्तर : शब्द जुने आहेत. नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, आणि आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. पण चाल दुसऱ्या कोणाची असू शकते, आणि ट्रॅकचं ध्वनिमुद्रण नक्कीच कोणाचं तरी आहे. दावा बहुतेक त्या ट्रॅकवरच आला असेल. जुनी पारंपरिक चाल घ्या, पेटी-ढोलकी-टाळ आपलेच वाजवा.

प्रश्न : नाताळात विधवा बहिणींना साड्या वाटतो. देणगीदार फोटो मागतात.

उत्तर : साड्यांच्या गठ्ठ्याचा, पावतीचा आणि बांधणाऱ्या हातांचा फोटो पाठवा. घेणारीचा चेहरा नको, गावाचं नावही नको. पाठवण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद आहे का पाहा. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये असं वचन आहे (मत्तय ६:३). देणगीदार अडून बसले तर त्यांनाच वाटपाला बोलवा. येऊन बसू दे सतरंजीवर.