नस, शीर आणि स्नायू
एका ताईंनी विचारलंय, सासरे सेप्सिसमुळे, म्हणजे संसर्गाने अंगभर बिघाड होतो त्यामुळे, तीन आठवडे आयसीयूत व्हेंटिलेटरवर होते, आता शुद्धीवर आलेत पण हातपाय उचलत नाहीत, डॉक्टर म्हणाले ‘नसा कमजोर झाल्यात’, कागदावर पॉलीन्यूरोपॅथी लिहिलंय, तर याला मराठीत काय म्हणायचं?

आधी ही ‘नस’ सोडा हो! सलाईन लावताना सिस्टर म्हणते ‘आजोबांची नस सापडत नाहीये’, ती रक्ताची शीर, आणि तासाभराने डॉक्टर म्हणतात ‘नसा गेल्यात’, ते चेतातंतू, म्हणजे नर्व्ह. माझ्या मावशीच्या वेळी घरचे सगळे महिनाभर धरून बसले होते की सुया टोचून टोचूनच हात गेला.

‘मज्जातंतू’ म्हणा असं सांगणारे जाणकारही आहेत. मला नाही पटत. मज्जा म्हणजे हाडातला गर, आयुर्वेदातल्या सात धातूंमधला सहावा, आणि मेंदूला मस्तकमज्जा म्हणायचे म्हणून तंतूही मज्जेचे, हे फार ओढूनताणून झालं.

खरी गंमत ‘स्नायू’त आहे. सुश्रुताने स्नायू 900 मोजलेत, पण ते आपले मसल नव्हेत, ते बांधणारे दोर, फळ्या दोरांनी घट्ट आवळल्या की नाव माणसांचं ओझं पेलते तसं त्यांच्यामुळे शरीर भार पेलतं असं तो म्हणतो. धनुष्याची दोरी तीही स्नायूच. आता ग्रीक ‘न्यूरॉन’ बघा, मूळ अर्थ कंडरा, म्हणजे मसल हाडाला बांधणारी दोरी, लॅटिन ‘नेर्वुस’चाही तोच, आणि तिघांचं मूळ एकच! म्हणजे न्यूरोपॅथीतला न्यूरो आपल्या स्नायूचा चुलतभाऊ. पुढे ग्रीकांनी शरीरातल्या त्या पांढऱ्या दोऱ्यांना हाच शब्द लावला, बंगालीत तर स्नायू म्हणजे आजही नर्व्ह, मसल आपण केलं. नसही माझ्या मते कोशातल्या ‘स्नसा’तूनच आली, तीही कंडराच, जे तिला अरबी ‘इर्कुन्नसा’शी (सायटिकाशी) जोडतात त्यांनी प्राकृतातली ‘णसा’ एकदा उघडून बघावी.

आणि 1984 साली कॅनडात डॉक्टर बोल्टन वगैरेंनी वर्णन केलेल्या, सासऱ्यांना झालेल्या या दुखण्यात चेतातंतू आणि मसल बऱ्याचदा दोन्ही बिघडतात, म्हणजे बंगाली स्नायूही आणि मराठी स्नायूही!

हां, तर ताई, कागदावर ‘बहुचेताविकृती’ लिहा, घरी मात्र सांगा की मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नेणारे चेतातंतू दुखावलेत, सुयांनी नाही, सेप्सिसच्या आजारपणाने, आणि ते भरून यायला आठवडे काय, महिनेही लागतात.