पहिल्या हिवाळ्याआधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

घराच्या किल्ल्या मिळाल्याचं कळलं, फोटोही पोचले. फोटोंखाली तू विचारलं होतंस, "काकू, हीटिंगचं बिल कमी कसं ठेवायचं? फ्लॅटमध्ये आम्ही शक्यतो बंदच ठेवायचो." ते बंद ठेवणं मला पटलेलं नाही, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहिते. कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधी कौलं, लाकडं, सुकी मासळी सगळं बघून ठेवतात, तसं इथे इंग्लंडात सप्टेंबर-ऑक्टोबरात करायचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग संध्याकाळ अशी उरतच नाही आणि शिडी काढायचा उत्साहही.

पहिलं काम फुकटातलं. रस्त्यावर उभी राहून भिंतीच्या विटा बघ. सगळ्या विटा लांबीनं लावलेल्या दिसल्या तर भिंत बहुधा दुहेरी, मध्ये पोकळी. एक लांब वीट, मग विटेचं आखूड तोंड, पुन्हा लांब, अशी रचना असेल तर भिंत भरीव, नऊ इंची. तुझ्या फोटोत आखूड तोंडं स्पष्ट दिसतात. इंग्लंडमधली अशी लागून असलेली जुनी घरं बहुतेक पहिल्या महायुद्धाच्या आधीची. म्हणजे "पोकळीत इन्सुलेशन (ऊब धरून ठेवणारा भराव) भरून देतो" म्हणत कुणी दारात आला तर त्याला चहासुद्धा विचारू नकोस, भरायला पोकळीच नाही. आणि पोटमाळ्यात फोम फवारून देणारा आला तर दार लगेच लाव. छपराच्या आतून असा फोम मारलेल्या घरावर कर्ज द्यायला बऱ्याच बँका तयार नसतात, पुढे विकताना गळ्याशी येतं.

भरीव भिंतीचं एकच मागणं असतं, ती कोरडी ठेवा. ओली भिंत उष्णता भराभर बाहेर सोडते. म्हणून नोव्हेंबरात पानं गळून झाली की छपराच्या पन्हळी साफ करून घ्यायच्या. तुंबलेल्या पन्हळीतून पाणी भिंतीवर ओघळत राहतं आणि आत बेडरूमच्या कोपऱ्यात डाग उमटतो. मग लोक रंगवाल्याला बोलावतात!

आता बिल. ऑफजेमची, म्हणजे वीज-गॅसवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, जी किंमतमर्यादा दर तीन महिन्यांनी बातम्यांत येते, ती तुझ्या बिलाची मर्यादा नव्हे. ती युनिटच्या दराची आणि वापर असो-नसो रोज लागणाऱ्या स्टँडिंग चार्जची. बातमीतला आकडा सर्वसाधारण वापराच्या घराच्या वर्षभराच्या बिलाचा असतो. २०२२ च्या ऑक्टोबरसाठी तो ३,५४९ पौंडांवर गेला आणि सरकारनं मध्ये पडून २,५०० वर धरला, तेव्हा ओळखीतल्या बऱ्याच शहाण्यासुरत्या माणसांना वाटलं की आता कितीही जाळा, याच्यावर बिल येत नाही. तसं काही नव्हतं. दुसरी गोष्ट, विजेचं एक युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट पडतं. त्यामुळे "एका खोलीपुरता" म्हणून आणलेला दोन हजार वॅटचा पंख्याचा हीटर बचत करत नाही. अंथरूण गरम हवं असेल तर इलेक्ट्रिक ब्लँकेट घे, ते शंभर-दीडशे वॅटमध्ये भागतं. वरून आईनं दिलेली गोधडी आहेच. आणि दरमहा सारख्याच कापल्या जाणाऱ्या डायरेक्ट डेबिटमध्ये उन्हाळ्यात साठलेले पैसे परत मागवू नकोस, जानेवारीत तेच कामाला येतात.

वाऱ्याच्या फटी शोधायला कुठलंही यंत्र नको. बाहेर वारा सुटलेला असेल अशा दिवशी देवापुढची एक उदबत्ती घे, पंखे बंद कर आणि दारं-खिडक्यांच्या कडेनं सावकाश फिरव. पडद्यांपासून जरा जपून. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. एकदम आडवा झाला की तिथे फट आहे. पत्रपेटीची झडप, कुलपाचं भोक, दाराखालची जागा, जमिनीलगतची लाकडी पट्टी, पोटमाळ्याचं झाकण आणि सगळ्यात जास्त म्हणजे वापरात नसलेली शेगडीची चिमणी. खिडकीला फोमची चिकटपट्टी, दाराखाली ब्रश, चिमणीत लोकरीचा बोळा किंवा त्यासाठी मिळणारा फुगा. सगळं मिळून शे-सव्वाशे पौंडांच्या आत बसावं. दुहेरी काचांच्या नव्या खिडक्यांचा विचार पुढे कधीतरी कर, तो खर्च भरून निघायला फार वर्षं लागतात.

मात्र बाहेरच्या भिंतीत अगदी खाली ज्या जाळीच्या विटा दिसतात, त्या बुजवू नकोस. तुझी जमीन लाकडी आहे, तिच्या खालून वारा खेळला नाही तर तुळया कुजतात. खोली तापवायची गॅसची शेगडी असलेल्या खोलीतला झरोकाही तसाच उघडा राहू दे.

पोटमाळ्यात मोजपट्टी घेऊन चढ. ऊब धरायला तिथे अंथरलेली काचलोकर २७० मिलिमीटर जाड असावी असं सांगतात, जुन्या घरांत बऱ्याचदा शंभरच सापडते. वर आणखी थर अंथरायचं काम दोघांना एका शनिवारात जमेल. मास्क, हातमोजे घालून, आणि पाय फक्त तुळयांवर. छपराच्या कडेला हवा जायला जागा सोड. वर थंड पाण्याची टाकी असेल तर तिला बाजूनं आणि वरून गुंडाळ, खालून नको. खालच्या खोलीची थोडी ऊब तिला मिळत राहते, त्यानं पाणी गोठत नाही.

बॉयलरची सर्व्हिसिंग गर्दी होण्याआधी करून घे. येणाऱ्याकडे गॅस सेफचं, म्हणजे गॅसची कामं करणाऱ्यांच्या नोंदणीचं, कार्ड माग आणि उलटून बघ, त्याला कोणती कामं करायची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं. तो असतानाच खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरकडे बॉयलरमधून जाणाऱ्या पाण्याचं तापमान किती लावलंय ते विचार. बरेच जण ७५-८० अंशांवर ठेवून जातात. गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, म्हणजे कॉम्बी बॉयलर असेल, तर ते ६० वर आण. हे बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवतात, पण फिरून येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असलं तरच. खोली तापायला थोडा जास्त वेळ लागेल इतकंच. टाकी असेल तर मात्र तिच्यातलं पाणी ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नकोस, फुफ्फुसाचा आजार करणारे लिजिओनेलाचे जंतू वाढतात.

रेडिएटर वर गार आणि खाली गरम लागला तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून तो निवू दे. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळ्याला छोटी किल्ली लावून पाव फेरा फिरव, खाली फडकं धर. आधी फुस्स आवाज येईल, मग पाण्याची बारीक धार. धार दिसली की लगेच बंद कर. ते पाणी काळपट असतं आणि गालिच्यावरचा डाग जात नाही. मग बॉयलरवरचा दाब बघ, गार असताना एक ते दीड बार हवा. रेडिएटरच्या बटणावरचे १ ते ५ आकडे म्हणजे पंख्याचा वेग नव्हे. पाचवर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते. राहत्या खोलीत तीन पुरे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोघं हीटिंग बंद ठेवत होतात आणि कपाटामागे बुरशीचं काळं आलं होतं, हे तूच मागे बोलली होतीस. ते बिल वाचवल्याचंच फळ. आपल्या घरात वाफ फार. कुकरच्या शिट्ट्या, भाताचं आधण, इडल्या, आणि बाहेर वाळत नाहीत म्हणून रेडिएटरवर टाकलेले कपडे. एका धुण्यातून दोनेक लिटर पाणी घरातल्या हवेत जातं, आणि ते जाऊन बसतं सगळ्यात गार भिंतीवर. बुरशीला इथे हल्ली कुणी हलक्यात घेत नाही. रॉचडेलमध्ये २०२० साली दोन वर्षांचा अवाब इशाक बुरशीच्या घरात राहून दगावला आणि त्याच्या नावानं भाडेकरूंसाठी कायदा झाला.

म्हणून घर १८ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. आई-बाबा येतील तेव्हा वीस-एकवीस ठेव. दिवसभर एकसारखं तापवायलाच हवं असं नाही, पण दिवसचे दिवस गार पडू देऊ नकोस. स्वयंपाक करताना दार लावून घे, खिडकी थोडी उघड, भांड्यावर झाकण. गॅसवरच्या पंख्याची जाळी बाहेरच्या भिंतीवर दिसते का बघ. दिसत नसेल तर तो फोडणीचा तेलकटपणा तेवढा गाळतो आणि वाफ परत घरातच सोडतो. खिडक्यांच्या वरच्या बारीक झडपा उघड्या राहू देत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. कपडे एकाच खोलीत, दार लावून, डीह्युमिडिफायरसमोर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) वाळव. तो साधारण दोनशे वॅट खातो. या सगळ्या यादीत नवं विकत घ्यावं असं मोठं यंत्र तेवढं एकच.

डिसेंबरात पुण्याला जाणार आहात ना? घर पूर्ण बंद करून जाऊ नका. हीटिंग १२-१५ वर लावून ठेवा. पाणी फुटलं आणि घर तापवलेलं नव्हतं तर बऱ्याच विमा कंपन्या भरपाई नाकारतात, पॉलिसीतली ती ओळ आत्ताच वाचून घे. पाण्याचा मुख्य कॉक बहुधा सिंकखाली असेल. आजच फिरवून बघ, वर्षानुवर्षं न हललेले कॉक गरजेच्या वेळी अडकून बसतात. बॉयलरमधून बाहेर जाणारी पांढरी प्लास्टिकची नळी उघड्यावर असेल तर तिला फोमचं कव्हर घाल. कडाक्याच्या रात्री ती गोठते आणि बॉयलर गुळगुळ आवाज करत बंद पडतो. तसं झालंच तर तिच्यावर कोमट पाणी ओत, उकळतं नको.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आहेस का ते कळव. शिडी विकत घेऊ नकोस, आमची गॅरेजमध्ये पडून आहे. काका रविवारी सकाळी घेऊन येतील, त्यांना पोटमाळ्यात मात्र चढू देऊ नकोस.

तुझी,
काकू