मौलिक म्हणजे मौल्यवान नव्हे

प्रश्न असा : ग्रंथालयात संशोधकांना झेरॉक्स काढून देण्याबद्दल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) जो निकाल दिला, त्याचा मराठी गोषवारा करताना ‘ओरिजिनॅलिटी’ला ‘मौलिकता’ म्हणावे का? आणि ‘फेअर डीलिंग’ला, म्हणजे संशोधनासारख्या कामासाठी परवानगीविना करता येणाऱ्या वापराला, काय म्हणावे?

मौलिकताच म्हणा. पण आधी ते ‘मौलिक मार्गदर्शन’ आवरा! प्रत्येक आभारप्रदर्शनात ऐकून कान किटले आहेत. म्हणायचे असते मौल्यवान. मौलिक म्हणजे मुळातले, ज्याचे मूळ दुसरीकडे नाही ते.

‘दोन्ही शब्द मूळ-वरूनच आलेत, मग भेद कशाला?’ असे जाणकार म्हणवणारेही विचारतात. आलेत खरे, आणि ती वाट फार देखणी आहे. पाणिनीचे सूत्र आहे ‘मूलमस्याबर्हि’ (४.४.८८). त्यानुसार मूल्य म्हणजे जे मुळासकट उपटायचे ते. काशिका या पाणिनीवरच्या टीकेतली उदाहरणे उडीद आणि मुगाची : मूल्या माषाः, मूल्या मुद्गाः. किमतीचे मूल्य येते तीन सूत्रे पुढे, ४.४.९१ मध्ये, आणि तिथे मूल म्हणजे मुद्दल, वस्तू घडवायला घातलेले भांडवल. माझे ठाम मत आहे की शेतातले मूल्य आधीचे, बाजारातले नंतरचे. सूत्रांच्या क्रमावरून काळ ठरत नाही, हे मान्य. पण मूळ आधी मातीत असते, मुद्दल हा त्यावर चढलेला अर्थ. एका मुळाला दोन कोंब फुटले म्हणून एकाच्या नावाने दुसऱ्याला हाक मारायची नसते.

न्यायालयांतही नेमका हाच घोळ झाला होता. घाम गाळला, पैसा ओतला, की कृती मौलिक! म्हणजे मुद्दलालाच मूळ समजणे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात हे मत मोडले, पण सर्जनशीलतेची ठिणगी मागितली. कॅनडाने ही दोन्ही टोके टाळली. कृती लेखकापासून उगवलेली हवी, नकललेली नको, आणि तीत कौशल्य व निर्णयबुद्धी दिसायला हवी, एवढेच. म्हणून निवाड्यावरच्या हेडनोटला, म्हणजे वर छापलेल्या गोषवाऱ्याला, प्रताधिकार मिळाला, कारण काय घ्यायचे आणि काय गाळायचे हे तिथे कुणीतरी ठरवलेले असते. न्यायाधीशांनी लिहिलेल्या मजकुरात तारीख, वकिलांची नावे आणि व्याकरणाच्या किरकोळ दुरुस्त्या घालणाऱ्या प्रकाशकाला मात्र त्या मजकुरावर हक्क मिळाला नाही. ‘नावीन्य’ किंवा ‘सर्जनशीलता’ हे प्रतिशब्द सुचवणाऱ्यांनी तो निकाल उघडूनही पाहिलेला नाही.

राहिले फेअर डीलिंग. ‘रास्त व्यवहार’ म्हणा. रास्त हा फारसी शब्द, मूळ अर्थ सरळ. ‘रास्त वापर’ नको, तो अमेरिकेतल्या ‘फेअर यूज’साठी राखून ठेवा. आणि ‘सवलत’ तर मुळीच नको. खटल्यातल्या ग्रंथालयात, टोरांटोच्या ग्रेट लायब्ररीत, मागणाऱ्याला निवाड्याची एक प्रत काढून दिली जाई, आणि त्या प्रतीबद्दल बोलताना न्यायालयाने याला वापरणाऱ्याचा हक्क म्हटले आहे.