कॅप्टन बदलला की पद्धत बदलते?

प्रश्न : माझी मुलगी वर्षभरापासून एअरबसवर को-पायलट आहे. एक कॅप्टन चेकलिस्टची ओळन् ओळ वाचून घेतात, दुसरे म्हणतात, ‘झालंय सगळं, पुढे चल.’ वयाने लहान असून मोठ्यांना टोकावं का, हा तिला पेच पडलाय. — एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, तिने टोकावंच.

मी बोइंग ७३७ वरून एअरबसवर आलो. बोइंगवर टेकऑफच्या धावेत ८० नॉट्सला वेग पुकारायची सवय, एअरबसवर १०० ला पुकारतात. सिम्युलेटरमध्ये माझ्या तोंडून ‘एटी’ निघायचं आणि शेजारचा गोंधळायचा. दोघांच्या काट्यांवरचा वेग जुळतो का, हे त्या क्षणी बघायचं असतं. मीच भलत्या वेळी बोललो तर तो काय ताडून बघणार? एसओपी, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेली कामाची पद्धत, शेजारच्या माणसासाठी असते, हे मला तिथे उमगलं. कॉकपिटमधले दोघं कदाचित त्याच सकाळी पहिल्यांदा भेटलेली असतात.

कुणी ऑटोपायलट लवकर काढतं, कुणी फ्लॅप्स (कमी वेगात विमान उचलून धरणारे पंखांचे मागचे भाग) जरा आधी मागतं. ही हातोटी झाली, नियमात बसते तोवर तिने ती शिकून घ्यावी. चेकलिस्टचं तसं नाही. १६ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइटहून निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या एमडी-८२ विमानात टॅक्सी चेकलिस्ट, म्हणजे धावपट्टीकडे जाताना वाचायची यादी, राहून गेली. फ्लॅप्स उघडलेच नव्हते, इशाराही वाजला नाही. १५६ माणसं गेली. दोन्ही पायलट अनुभवी होते.

आपण नागपूरकर मोठ्यांपुढे ‘हो जी’ म्हणत वाढलेले, म्हणून जीभ जड होते. तिला सांगा, ‘तुमचं चुकतंय’ म्हणायची गरज नाही. ‘कॅप्टन, बिफोर टेकऑफ चेकलिस्ट राहिलीय,’ एवढंच म्हण. ऐकलं नाही तर पुन्हा म्हण. तेच तेच घडत असेल तर सेफ्टी रिपोर्ट भर, ती चुगली नव्हे.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी सोनेगावला, आपल्या नागपूरच्या विमानतळावर, उतरत होतो. तापलेल्या हवेने विमान वर उचललं जात होतं, १,००० फुटांवरही वेग जास्तच. शेजारची नवी मुलगी म्हणाली, ‘अनस्टेबल, गो अराउंड,’ म्हणजे उतरणं स्थिर नाही, न उतरता पुन्हा वर चला. धावपट्टी समोर स्वच्छ दिसत होती, क्षणभर राग आला. तरी इंजिनांचा जोर (थ्रस्ट) वाढवला, चाकं वर घेतली, एक फेरी मारून उतरलो. गेटवर इंजिनं बंद केल्यावर तिचा हात हातात घेऊन मी म्हणालो, ‘पुढच्या वेळीही असंच बोल.’