ठरावीक वेळेतच लागू होणारा फायरवॉल नियम चालत नसेल तर

नियम पुन्हा लिहायला घेऊ नका. आधी घड्याळ बघा. सिस्को एएसए (सिस्कोचा फायरवॉल) वर 'शो क्लॉक' ही कमांड द्या आणि तारीख, वार, टाइमझोन तिन्ही तपासा. टाइम-रेंज, म्हणजे नियम कधी लागू राहील ती ठरवलेली वेळ, फायरवॉलच्या स्वतःच्या घड्याळावर चालते, तुमच्या लॅपटॉपच्या नाही. लॅबमध्ये एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावलेलं नसतं आणि घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहतं, तिथेच बहुतेकांचा अख्खा दिवस जातो.

घड्याळ बरोबर असेल तर पुढे:

- 'शो ॲक्सेस-लिस्ट'मध्ये (ॲक्सेस-लिस्ट म्हणजे नियमांची यादी) तुमच्या नियमाच्या ओळीपुढे 'इनॲक्टिव्ह' दिसतंय का? दिसत असेल तर टाइम-रेंज तपासा. नसेल, तर हिट काउंट (ती ओळ किती वेळा जुळली तो आकडा) वाढतोय का ते पाहा.
- त्या ओळीच्या वर एखादी व्यापक परमिट (परवानगी देणारी) किंवा डिनाय (अडवणारी) ओळ आहे का? पहिली जुळणारी ओळ लागू होते, खालची बघितलीच जात नाही.
- टाइम-रेंजमध्ये ॲब्सोल्यूट (ठरलेल्या तारखांची मुदत) आणि पीरिऑडिक (दर दिवशी किंवा आठवड्याला येणारी वेळ) दोन्ही दिलेत? मग पीरिऑडिक फक्त ॲब्सोल्यूटच्या मुदतीतच चालतं.

चाचणी करताना नवशिके हमखास फसतात ती जागा वेगळीच. वेळ संपली तरी आधीपासून उघडं असलेलं कनेक्शन तुटत नाही. ॲक्सेस-लिस्ट नवीन कनेक्शनलाच तपासते. म्हणून प्रत्येक वेळी नवीन सेशन उघडून बघा. शिवाय शेवटचं मिनिट मुदतीत धरलं जातं. संपायची वेळ 3:50 दिली तर नियम 3:51 च्या मिनिटात कधीतरी बंद होतो, तेवढं थांबा.

ऑब्जेक्ट ग्रुप (पत्त्यांचे वगैरे गट), नॅट (पत्ते बदलणं) वगैरे सध्या बाजूला ठेवा. एकच टाइम-रेंज, एकच ओळ घ्या, घड्याळ हाताने पुढे-मागे करा आणि प्रत्येक बदलानंतर आउटपुट वाचा. हे नक्की जमेल तुम्हाला.