वाचक विचारतात : माथेरानची गाडी घरात धावताना

प्रश्न : हॉलमध्ये भिंतीलगत आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा मिळते आहे. तेवढ्यात नेरळ ते माथेरान ही सगळी स्थानकं घेऊन मॉडेल करता येईल का? प्रमाण कोणतं धरावं?
– एक वाचक, खारघर

उत्तर : सगळी स्थानकं घेऊ नका. १९०७ साली सुरू झालेला हा मार्ग साधारण २१ किलोमीटरचा आहे. १:७६ प्रमाणात त्याचे २७६ मीटर होतात आणि तुमच्याकडे आहेत जेमतेम अडीच. पाच स्थानकं कोंबली तर गाडीचं शेपूट एका फलाटावर असतानाच इंजिन पुढच्या फलाटाला लागेल आणि घाट कुठे दिसणारच नाही. या मार्गाचा जीव घाटात आहे, स्थानकांत नाही.

प्रमाण १:७६ घ्या, रूळ ९ मि.मी. गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). खरं गेज दोन फूट, म्हणजे ६१० मि.मी. १:७६ मध्ये ते ८ मि.मी. येतं, म्हणजे तयार रुळात फरक फक्त एका मि.मी.चा. एचओ म्हणजे १:८७ मध्ये ते ७ मि.मी. येतं, तिथे ९ मि.मी.चे रूळ टाकले तर गाडी अडीच फुटी गेजची दिसते. १:७६ आणि ९ मि.मी. ही जोडी ‘ओओ-९’ या नावाने मिळते. साध्या एन गेजचे रूळ मात्र टाळा. त्यांचेही अंतर ९ मि.मी.च असतं, पण स्लीपर बारीक आणि दाट असतात, त्यामुळे मोठी रेल्वे लांबून पाहिल्यासारखी वाटते.

आता आखणी. पुढच्या कडेला डावीकडे एक मीटर सपाट भाग ठेवून त्यावर जुम्मापट्टी हे मधलं स्थानक बसवा. गाड्यांचं क्रॉसिंग तिथे होतं, त्यामुळे दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) आणि एक जादा रूळ एवढ्यावर खेळायला भरपूर मिळतं. स्थानक सपाटच हवं. चढावर सोडलेला डबा आपोआप घरंगळतो. तिथून उजवीकडे चढ सुरू करा, टोकाला २२८ मि.मी. त्रिज्येचं अर्धवर्तुळ घ्या आणि मागच्या बाजूने चढत डावीकडे येऊन गाडी ‘वन किस’ बोगद्यात घाला. बोगद्यामागे लपलेला रूळ ठेवा, गाडी तिथे थांबेल आणि परत येईल. ते अर्धवर्तुळ म्हणजे माउंट बेरीचा घोड्याचा नाल. गाडीला मागेपुढे करत चढवावं लागू नये म्हणून खऱ्या मार्गावरही तिथे असंच वळण बांधलं आहे, त्यामुळे ही तडजोड खोटी वाटत नाही. २२८ मि.मी. त्रिज्येला दोन फूट रुंदी पुरते, ३०० मि.मी. घेतली तर रूळ फळीबाहेर जातील.

प्रश्न : खऱ्या मार्गासारखाच १:२० चा, म्हणजे वीस मि.मी. पुढे गेल्यावर एक मि.मी. वर असा, चढ दिला. इंजिन सपाटीवर तीन डबे सहज ओढतं, पण वळणावर पोचलं की चाकं जागच्या जागी फिरतात. इंजिन बदलावं का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : आधी चढ बदला. ८० ग्रॅमचं इंजिन आणि ४० ग्रॅमचे तीन डबे, म्हणजे एकूण २०० ग्रॅम धरा. १:२० वर नुसतं वर खेचायलाच १० ग्रॅम ओढ लागते. डब्यांच्या आसांचं घर्षण ३-४ ग्रॅम, आणि घट्ट वळणात चाकांच्या कडा रुळाला घासतात त्याचे आणखी दोन-तीन. बेरीज सोळाच्या घरात जाते. इंजिनाची पकड त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे तीही सोळाच. म्हणून सरळ भागात निभावतं आणि वळणात अडतं. १:३० केलात तर वर खेचायला ७ ग्रॅमही लागत नाहीत. वरच्या आखणीत सुमारे साडेतीन मीटर चढ मिळतो. १:३० ने गाडी शंभर मि.मी.हून थोडी जास्तच वर येते आणि दृश्याला तेवढं पुरतं.

चढाची सुरुवात एकदम करू नका. पहिल्या ३०० मि.मी.त १:१२०, मग १:६०, मग १:३० असं वाढवत न्या, वरच्या टोकाला तसंच उतरवत आणा. तिथे कोपरा राहिला तर पुढची चाकं उचलली जातात, विजेचा संपर्क तुटतो आणि डबे जोडणारी कपलिंग सुटतात.

एवढं करूनही ओढ कमी पडली तर इंजिनात शिशाचे तुकडे भरा, पण वजन मोटरने फिरणाऱ्या चाकांच्या मधोमध यायला हवं. मग इंजिन हाताने अडवून हळूहळू करंट वाढवा. चाकं घसरायला हवीत. चाकं थांबून मोटर गुरगुरू लागली तर वजन जास्त झालंय. लगेच काढा, नाहीतर मोटरची गुंडाळी जळेल.

प्रश्न : पावसाळ्यात फळी वाकली, रूळ उचलले गेले आणि गाडी अडखळते. घर खाडीजवळ आहे.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : फळी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, असणार. ती कडेने पाणी पिते आणि फुगली की परत बसत नाही. १२ मि.मी.चं बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारं) मरीन प्लाय घ्या. वरून, खालून आणि विशेषतः कापलेल्या कडांवर वॉर्निशचे दोन हात द्या. एकच बाजू रंगवली तर दुसरी ओल शोषते आणि फळी धनुष्यासारखी होते. रुळांचे दोन तुकडे जुळतात तिथे अर्धा मि.मी. फट सोडा. वीज फिशप्लेटच्या, म्हणजे रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पट्टीच्या, भरवशावर सोडू नका. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार डाख देऊन खालच्या दीड चौरस मि.मी.च्या मुख्य तारेला जोडा. दमट हवेत सगळ्यात आधी दगा देतात त्या फिशप्लेटच. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापडावर घेऊन पुसा. पॉलिश पेपर लावू नका. ओरखड्यांत मळ साचतो आणि पुढच्या महिन्यात दुप्पट त्रास होतो.

प्रश्न : माथेरानची खरी लाल माती खडी म्हणून वापरली तर चालेल? डोंगर कसा करावा?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : माती चालेल, पण त्यात लोहकण असतात. वाळवून बारीक चाळणीतून काढा, कागदावर पातळ पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक तीन-चार वेळा फिरवा. पिशवीला काळी लव चिकटेल. हीच लव मोटरच्या चुंबकाला जाऊन बसते आणि इंजिन बंद पडतं. खडी पसरली की आधी अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याचा फवारा मारा, मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब असं ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या हलत्या पट्ट्यांपाशी थेंबही जाऊ देऊ नका.

डोंगरासाठी परदेशी साच्यांतले तयार कडे घेऊ नका. त्यांचे थर बहुधा तिरके असतात. सह्याद्रीचा बेसॉल्ट आडव्या थरांचा. थर्मोकोलपेक्षा टणक अशा एक्सपीएस फोमच्या शीट एकावर एक चिकटवून आडव्या पायऱ्या कोरा, पातळी लावून तपासत. थर जितके अचूक आडवे, तितका १:३० चा चढ डोळ्याला १:२० चा वाटतो. खाली करडा-काळा खडक, अगदी माथ्यावर जांभ्याची लाल टोपी.

ऋतूही आधीच ठरवा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्थानक) गाडी बंद असते. चालते ती अमन लॉज–माथेरान शटल. हिरवागार, धबधब्यांचा घाट करून त्यात जुम्मापट्टीला गाडी उभी केली तर जाणकाराला ते लगेच खटकेल. जुम्मापट्टीसाठी हिवाळा धरा : गवत पिवळं, झाडं हिरवी, ओढे कोरडे.