झिजलेलं एनॅमल प्रोटीनने भरून येतं का?

प्रश्न : थंड पाणी प्यायलं की दातांतून कळ जाते. एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, झिजलंय, असं डॉक्टर म्हणाले. एनॅमल प्रोटीनमुळे तयार होतं असं वाचलं. मग प्रोटीन पावडर घेतली तर ते भरून येईल का? (वाचक, सांगली)

उत्तर : नाही येणार. एनॅमलमधलं प्रोटीनचं काम दात हिरडीखाली असतानाच संपतं.

स्लॅब टाकताना आधी सेंटरिंग लावतात, तसंच हे आहे. अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी दिवसाला साधारण ४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) या गतीने प्रोटीनचा साचा रचत जातात. त्यातलं जवळपास ९० टक्के प्रोटीन म्हणजे अमेलोजेनिन. एनॅमेलिन आणि अमेलोब्लास्टिन थोडंच असतं. या साच्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक, लांब स्फटिक एका दिशेने वाढतात. मग एमएमपी-२० आणि केएलके-४ ही दोन एन्झाइम्स साचा कापून काढतात आणि मोकळ्या जागेत स्फटिक जाड होतात. म्हणूनच पूर्ण झालेल्या एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, प्रोटीन जेमतेम १ टक्का.

बिघाड दोन्ही टप्प्यांत होतो. अमेलोजेनिन किंवा एनॅमेलिनच्या जनुकात दोष असेल तर एनॅमल पातळ राहतं. केएलके-४ मध्ये दोष असेल तर जाडी पुरेशी असते, पण साचा आत अडकून राहतो. असा दात तपकिरी दिसतो आणि एनॅमलचे टवके उडतात.

दात हिरडीबाहेर येतो तोवर अमेलोब्लास्ट नाहीशा झालेल्या असतात. हाड मोडलं तर जुळतं, कारण तिथे पेशी जिवंत असतात. इथे कारागीरच उरत नाही. आहारातलं प्रोटीन गरोदर आईला आणि पहिल्या काही वर्षांत बाळाला नक्की हवं. तीव्र कुपोषणात एनॅमलवर खड्डे आणि आडव्या रेघा राहतात.

तुम्ही उरलेलं एनॅमल जपा. मऊ ब्रश घ्या, सुमारे १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वापरा. घासून झाल्यावर फेस थुंका, चूळ मात्र भरू नका. चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. लिंबूपाणी, कोकम सरबत किंवा कोल्ड्रिंक घेतल्यावर अर्धा तास ब्रश नको. तोंडाचा पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की पृष्ठभाग मऊ पडतो आणि घासताना तोच निघून जातो. त्या अर्ध्या तासात लाळ आपलं काम करते: तिच्यातलं स्टॅथेरिन हे प्रोटीन कॅल्शियम विरघळलेलं ठेवतं, म्हणून ते दाताला परत मिळू शकतं.

प्रश्न : आमच्या भागात बोअरचंच पाणी. सात वर्षांच्या मुलीच्या नव्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आहेत. धाकटा दीड वर्षाचा आहे. (वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : फ्लोरोसिसची, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडण्याची, शक्यता मोठी आहे, पण खात्री दंतवैद्याकडूनच करून घ्या. फ्लोराइड जास्त झालं की साच्यातलं अमेलोजेनिन वेळेवर काढलं जात नाही आणि एनॅमल सच्छिद्र राहतं. मुलीचे पट्टे पेस्टने जाणार नाहीत. मायक्रोअॅब्रेजन (वरचा अगदी पातळ थर घासून काढणं) करून किंवा रेझिन भरून ते फिके करता येतात.

खरी घाई धाकट्याची आहे. त्याच्या पुढच्या कायम दातांचं एनॅमल आत्ता हिरडीखाली बनतंय. पाणी तपासून घ्या: लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही कमाल मर्यादा. पाणी उकळू नका, त्याने पाणी आटतं आणि फ्लोराइडचं प्रमाण वाढतं. पिण्याला आणि स्वयंपाकाला आरओचं पाणी वापरा. त्याच्या ब्रशवर पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच हवी.

प्रश्न : ब्रेसेस काढल्यावर पांढरे डाग राहिलेत. दुधाच्या प्रोटीनचं क्रीम सांगितलंय. कसं लावायचं? (वाचक, ठाणे)

उत्तर : त्यात केसिनचे तुकडे असतात. ते कॅल्शियम-फॉस्फेट धरून दातापाशी नेतात. रात्री ब्रश झाल्यावर वाटाण्याएवढं क्रीम बोटाने डागांवर लावा, तीन मिनिटं राहू द्या, मग जिभेने तोंडभर फिरवून एक-दोन मिनिटांनी थुंका. नंतर अर्धा तास खाणंपिणं नाही. दुधाच्या प्रोटीनची अॅलर्जी असेल तर अजिबात वापरू नका; नुसतं लॅक्टोज पचत नसेल तर हरकत नाही. डागावर खड्डा पडला असेल तर क्रीमचा उपयोग नाही, तिथे फिलिंगच लागेल.